मधला तुकडा

१

मेलेल्या माणसाच्या गाडीतून चोर काय नेतो? बॅटरी नेतो, टायर नेतो, फार तर टेप उचकटून नेतो. पोलीस चौकीच्या मागच्या आवारात उभ्या असलेल्या बेकरीच्या व्हॅनमधलं यातलं काहीच गेलं नव्हतं. गेला होता फक्त ब्रेकच्या पाइपाचा वीतभर तुकडा, आणि तोही गाडीच्या पोटाखालून.

हे पहिल्यांदा नोंदवलं ते भिंगबाईंनी. भिंगबाई म्हणजे विमा कंपनीच्या सर्व्हेअर. गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असायचं म्हणून हे नाव पडलं होतं, अर्थात माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी गाडीखाली बाई स्वतः सरपटत जायच्या. दुसऱ्याच्या डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

गेल्या आठवड्यात ही व्हॅन पावाचे ट्रे भरून उतारावरून निघाली ती थांबलीच नाही. खालच्या वळणावरच्या दगडी भिंतीवर आदळली. हँडब्रेक वर ओढलेला सापडला, म्हणजे ड्रायव्हरने जिवाच्या आकांताने धडपड केली होती. पण भरल्या गाडीला उतारावर हँडब्रेक कुठे पुरतो? बिचारा जागीच गेला. गाडी जुनी, चारही चाकांना एकाच पाइपातून तेल पुरवणारी. तो पाइप फुटला की संपलं, मग पॅडल कितीही दाबा.

आणि तो पाइप बदलला होता गेल्या थंडीत. जुना लोखंडी पाइप गंजून पापुद्रे सुटले होते म्हणून त्याच्या जागी तांबं-निकेलचा, कधीही न गंजणारा पाइप बसवला होता. बसवणारा मिस्त्री दुसरातिसरा कुणी नव्हता, ड्रायव्हरचा सख्खा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्या बायकोने नवऱ्याच्या अंत्यविधीला भावाला दारात उभं राहू दिलं नव्हतं. "माझ्या कपाळाचं कुंकू तू पुसलंस, आता तोंड दाखवू नकोस," असं चारचौघांत ओरडली होती. सगळ्या गल्लीने निकाल लावून टाकला होता. आता फक्त बाईंच्या अहवालाची वाट पाहायची होती. त्यात मिस्त्रीचा दोष आला की पोलीस त्याला आत घेणार आणि गॅरेजला टाळं लागणार.

"गाडीपाशी कोण कोण आलं होतं?" बाईंनी पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं.

शिपायाने मान खाजवली. "मालक आले होते, ट्रे न्यायला. स्पेअर पार्टवाला आला होता, नुसता बघायला म्हणे. आणि मिस्त्री तर काय, गाडी ओढून आणली तीच त्याने."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"पहारा देत होतो, बाई."

"छान. असाच देत राहा."

बाई पुन्हा गाडीखाली गेल्या. पाइपाची दोन्ही कापलेली टोकं भिंगाखाली धरली. करवतीने कापलं की कडेला कचरा राहतो, टोक वेडंवाकडं होतं. इथे कडा गोल, गुळगुळीत आणि किंचित आत वळलेली होती. पाइपाभोवती गोल फिरवायचं कटर मेकॅनिक लोकांकडे असतं, त्याचं हे काम होतं. कुणीतरी सावकाश, हात न थरथरू देता तो तुकडा काढून नेला होता.

२

बेकरीचा मालक काउंटरमागे बसून घाम पुसत होता. भट्टी मागे होती, पण घाम भट्टीचा नव्हता.

"माझ्यावर शेकवू नका हं बाई," तो विचारायच्या आधीच म्हणाला. "मी म्हणत होतो, ही गाडी मोडीत काढू. ड्रायव्हरच म्हणाला, माझा मेहुणा करून देईल, झकास होईल. म्हटलं करा बाबा. आता बघा!"

"गाडीत माल जास्त भरला होता का?"

मालकाने इकडे तिकडे पाहिलं. "थोडा. रोजच्यापेक्षा थोडा."

"थोडा म्हणजे मागची स्प्रिंग बसेपर्यंत. बघितलीय मी." बाई काही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "आणि चौकीत ट्रे आणायला गेलात तेव्हा गाडीखाली वाकलात?"

"मी?" मालकाने पोटावर हात ठेवला. पोट असं होतं की त्याला स्वतःच्या बुटाची नाडी दिसत नसावी. बाईंनी तो मुद्दा तिथेच सोडला.

निघताना मालकाचा आवाज एकदम उतरला. "माणूस सोन्यासारखा होता हो. कधी पावाचा तुकडा इकडचा तिकडे नाही. फक्त भयंकर विसरभोळा. चावी गाडीत आणि दार बंद! पूर्वी दिवसाआड मला फोन यायचा, मालक, दुसरी चावी पाठवा. दुनियेचा वैताग. गेल्या वर्षभरात मात्र एकदाही नाही आला."

"का बरं? सुधारला?"

"विसरभोळा माणूस सुधारतो होय? काय जादू झाली देव जाणे." त्याने नाक ओढलं. "आता वाटतं, यावा एखादा फोन."

बाईंनी ते ऐकलं आणि मनाच्या एका कोपऱ्यात टाकून दिलं. त्यांचं लक्ष कटरवर होतं. कटर कुणाकडे असणार? मिस्त्रीकडे, नाहीतर जो पाइप विकतो त्याच्याकडे.

३

स्पेअर पार्टवाल्याच्या दुकानात छतापासून पट्टे, नळ्या, गास्केटं लोंबत होती. बाईंना पाहताच त्याने हातातला कप खाली ठेवला, तो बरोबर बशीच्या बाहेर.

"तांबं-निकेल म्हणून नुसतं तांबं विकलंत का?" बाईंनी सरळ घाव घातला. बाजारात हा धंदा चालतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. नुसतं तांबं दिसायला छान, पण गाडीच्या थरथरीने कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं.

"आईशप्पथ नाही!"

"आईला मध्ये आणू नका. चौकीत कशाला गेला होतात?"

उठून त्याने आतून पाइपाचं वेटोळं आणलं, टोकाचा तुकडा कटरने कापला आणि बाईंच्या हातावर ठेवला. "घ्या, जुळवून बघा. खरं सांगू? मी घाबरलो होतो. घाऊकवाल्याने मलाच फसवलं असेल तर? म्हणून बघायला गेलो. खाली वाकून बघतो तर मधला तुकडा आधीच गायब. म्हटलं, आता सगळे माझंच नाव घेणार."

बाईंनी तुकडा उजेडात धरला. तांब्याचा लालभडकपणा नव्हता. फिकी, पिवळट झाक होती. गाडीवर उरलेल्या पाइपाची झाकही अगदी हीच होती. माल खरा होता.

"मग फुटला कसा?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"फुटायला नकोच होता," दुकानदार म्हणाला. "पाण्याने, मिठाने, चिखलाने याला काही होत नाही. मऊ आहे, हाताने वळतो, म्हणून तर मिस्त्री लोक मागून नेतात. पण मऊ म्हणजे मऊच, बाई. गंजणार नाही याची खात्री मी देतो. कुठे घासला तर मात्र लोखंडासारखा टिकणार नाही. म्हणून क्लिपा नीट मारायच्या, कशाला टेकू द्यायचा नाही. आणि हा मिस्त्री त्याबाबतीत फार किरकिऱ्या. माझ्या क्लिपांतलं रबर पातळ आहे म्हणून दोनदा परत केल्या त्याने."

इतका किरकिऱ्या माणूस असं गचाळ काम करेल? बाईंना ते पटेना. त्या गॅरेजच्या दिशेने निघाल्या, आणि तिथे त्यांना जे ऐकायला मिळालं ते उभ्या नोकरीत कुणी ऐकवलं नव्हतं.

४

"मीच कापला," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी अजून नीट बसूनही घेतलं नव्हतं. मिस्त्री तिशीतला, गालफडं बसलेला, दाढी वाढलेली. गॅरेज मात्र लखलखीत. पाने मापाप्रमाणे भिंतीवर टांगलेले, फरशीवर तेलाचा थेंब नाही.

"गाडी ओढून आणली तेव्हाच कापला. माझी चूक झाकायला. जोड नीट बसला नव्हता, तिथून तेल गळालं. लिहा तुम्ही. सही करतो मी."

चोर स्वतःहून हात पुढे करतो तेव्हा बाईंच्या कपाळावर आठी चढते. तशी ती चढली.

"कुठला जोड?"

"पाइपाचा."

"अहो मिस्त्री, पाइपाला जोड दोनच. पुढे एक, मागे एक. तोंड फुलवून, नट घट्ट बसवून केलेले. दोन्ही जोड अजून गाडीवर आहेत. मी बोट फिरवून पाहिलंय, दोन्ही कोरडे ठणठणीत, तेलाचा ओघळसुद्धा नाही. काम म्हणाल तर असं सुरेख काम मी फार थोड्यांचं पाहिलंय. तुम्ही कापून नेलात तो मधला तुकडा. तिथे जोडच नव्हता!"

मिस्त्रीने हातातलं फडकं पिळलं.

"दोषी माणूस जोड पळवतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोष नसलेला तुकडा पळवून दोष मात्र अंगावर घेताय. का?"

"बाई, तुम्हाला एक नाव हवंय ना? माझं घ्या. कुणाचं काय जातंय?"

"तुमचं जातंय! आत जाल. हे गॅरेज जाईल."

"जाऊ दे."

"आणि बहीण? ती जन्मभर तुम्हाला नवऱ्याचा खुनी म्हणत राहील."

त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "म्हणू दे," तो म्हणाला. "लहानपणी आई गेली तेव्हा ताईने मला वाढवलंय. तिने कितीही शिव्या घातल्या तरी मला चालतील. तुम्ही फक्त तिच्या घरी जाऊ नका. हात जोडतो."

झालं! जाऊ नका म्हटलं की बाई जाणारच. पण त्याआधी त्या चौकीत परतल्या आणि तिसऱ्यांदा गाडीखाली शिरल्या. या वेळी पाइप नव्हे, पाइपाच्या शेजारची चासी, गाडीचा लोखंडी सांगाडा पाहिला. बॅटरीच्या उजेडात चिखलाने माखलेल्या पट्टीवर, बरोबर कापलेल्या जागेला लागून, एक स्वच्छ चौकोन दिसला. साबणाच्या वडीएवढा. तिथे चिखल बसलाच नव्हता. आणि त्या चौकोनाच्या कडेने लोखंडाचा बारीक, काळा कीस ओळीत चिकटून राहिला होता.

कीस असा आपोआप रांगेत बसत नाही. तिथे काहीतरी लोहचुंबकाने चिकटलेलं होतं, आणि तेही कुणीतरी काढून नेलं होतं.

५

ड्रायव्हरच्या बायकोचं घर दोन खोल्यांचं. दारामागे नवऱ्याचा शर्ट अजून खुंटीवर होता. तिने बाईंना चहा दिला. स्वतः घेतला नाही.

"त्याची रदबदली करायला आला असाल तर चहा पिऊन निघा," ती म्हणाली.

"मी कुणाचीच रदबदली करत नाही, ताई. मला तुमच्या मिस्टरांविषयी सांगा. विसरभोळे होते म्हणे."

अनपेक्षित प्रश्न. तिचा चेहरा आधी ताठ झाला आणि मग नको नको म्हणत सैलावला. "विसरभोळे? अहो, लग्नाच्या दिवशी चुकून भावाचे बूट घालून आले होते! गाडीची चावी तर रोजची कटकट. दार लावायचं आणि मग काचेतून चावीकडे बघत बसायचं. शेवटी मीच उपाय केला. बाजारातून लोहचुंबक लावलेली पत्र्याची डबी आणली, त्यात जादा चावी घातली आणि गाडीखाली चिकटवून दिली. तेव्हापासून मालकाला एक फोन नाही."

बाईंचा कप हातातच राहिला. तरी पुढचं विचारायला हवं होतं, आणि त्यांनी ते विचारलं.

"ती डबी कायम तिथेच असायची?"

"कायम. म्हणजे मध्ये एकदा निघाली होती. पाइप बदलून आणला ना, त्याच आठवड्यात. धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात सापडली मला. म्हटलं, हे ध्यान बघा, विसरू नये म्हणून केलेली डबीच विसरलंय! मग मीच खाली जाऊन परत लावून आले, जागच्या जागी." ती हसली, आणि हसता हसता रडू लागली. "किती चिडवलं मी त्यांना त्या दिवशी."

नेहमी जिभेवर धार असलेल्या भिंगबाई खाली मान घालून बशीकडे बघत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपल्याला काहीच सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

"काय झालं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. येते मी."

त्या उठल्या. दाराशी वळून पाहिलं तेव्हा ती चहाच्या भरल्या कपाकडे टक लावून बघत होती.

६

"डबी कुठे आहे?" गॅरेजमध्ये पाऊल टाकताच बाईंनी विचारलं.

मिस्त्री स्टुलावर बसला.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," बाई म्हणाल्या. "जुना लोखंडी पाइप चासीच्या बाहेरच्या अंगाने होता. तिथे चिखल उडतो, म्हणून नवा तुम्ही आतून नेलात. चांगलंच केलंत. पण डबीची जागा आतल्या अंगालाच होती. ती तुम्ही काढून दाजींच्या हातात दिलीत. ती परत जुन्या जागी लागली, मऊ पाइपाला तिचा पत्र्याचा कोपरा टेकला, आणि गाडी धावेल तसा तो कोपरा पाइप घासत राहिला. त्या दिवशी उतारावर जोरात ब्रेक दाबला तेव्हा उरलेला पापुद्रा फाटला. अपघातानंतर गाडी ओढायला तुम्ही गेलात, खाली पाहिलंत आणि एका नजरेत सगळं कळलं. डबी काढलीत. पण पाइपावरचा चट्टा कसा काढणार? म्हणून तुकडाच कापलात."

"दाजींना मी सांगितलं होतं," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाला. "इथे लावू नका, पाइप मऊ आहे, बंपरच्या मागे लावा. ते हो हो म्हणाले." त्याने कपाळावर हात मारला. "कुणाला सांगितलं मी? ज्या माणसाला काही लक्षात राहत नाही म्हणून ती डबी होती, त्यालाच! ताईला सांगायला हवं होतं. घरातलं सगळं तिलाच सांगायचं असतं, हे मला कळायला नको?"

"पण दाजी विसरले असंच तुम्हाला वाटलं असेल. ताईने लावली हे कसं कळलं?"

"तिने फोन केला होता तेव्हा. हसत होती. तुझे दाजी डबी खिशात घेऊन आले, मी लावली परत, म्हणाली. मी एका गाडीखाली आडवा होतो, हातात नट. कुठे लावलीस, एवढं विचारायचं होतं. मी म्हटलं, बरं केलंस."

बाईंनी भिंग गळ्यातून काढून खिशात टाकलं.

"मला खोटं लिहिता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग तुम्ही तिला मारून टाकाल. माझ्यावर रागावून ती निदान उभी तरी आहे. हे कळलं तर ती जगेल कशी?"

"कसं जगायचं ते मी बघेन."

दोघांनी दचकून पाहिलं. दारात ती उभी होती. पायात घरातल्या चपला, पदर कसातरी खोचलेला, धाप लागलेली.

"डबीचं नाव निघालं आणि तुमची वाचा बसली," ती बाईंना म्हणाली. "मला दुःख झालंय, वेड नाही लागलेलं. वाटभर विचार करत आले." मग भावाकडे वळली. "धाकट्या, खरं सांग. डबीने झालं?"

"नाही गं ताई. डबीचा काय संबंध? ती तर केव्हाच पडली असेल, मी..."

"लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे."

त्याने नकळत कानांवर हात नेले. तिला उत्तर मिळालं. ती दाराची चौकट धरून हळूहळू खाली बसली. मिस्त्री तिच्यापाशी जाऊन थांबला. हात लावायचा धीर त्याला होईना.

"माझ्या हाताने," ती म्हणाली. "मी माझ्या हाताने लावली."

"मी बरं केलंस म्हणालो, ताई. फोनवर. विचारलंसुद्धा नाही कुठे लावलीस ते."

तिने मान वर केली. "म्हणून तू तुरुंगात जायला निघाला होतास? मला न विचारता? नवरा गेला तो गेला, आणि वर तू मला भावाला जन्मभर शिव्या घालायला लावणार होतास? हे माझ्या भल्याचं, हे तुला कुणी सांगितलं रे?" असं म्हणून तिने त्याच्या दंडावर एक मारली, आणि मग तोच दंड घट्ट धरून ओक्साबोक्शी रडली. तोही रडला. बाई भिंतीवरच्या पान्यांकडे बघत राहिल्या.

रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं. "बाई, लिहा तुम्ही. डबी मी लावली, लिहा."

"आणि मी विचारलं नाही, तेही लिहा," मिस्त्री म्हणाला.

"लिहिते," बाई म्हणाल्या. "हा अपघात होता, हेही लिहिते. खरं तेच लिहायचं तर तेही खरंच आहे."

ती उठली. भावाच्या खांद्याला धरून उठावं लागलं तिला. दारापर्यंत गेली आणि तो मागे येत नाही असं पाहून थांबली.

"उभा काय राहिलास? चल घरी," ती म्हणाली. "संध्याकाळ झाली की त्या घरात मला एकटीने बसवत नाही."